डावाच ठिपका का उजळला

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

सुटले एकदाची! कित्येक दिवस घास गोड लागत नव्हता.

क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचं झगझगीत केंद्र, एकच, पण मधली दीर्घिका त्याचा प्रकाश वाकवते, म्हणून आम्हाला दोन ठिपके दिसतात. त्यातला डावाच तेवढा उजळलेला. क्वेसारच उजळला असता तर उजवाही एव्हाना उजळला असता. तो तसाच. म्हणजे मोजमापात मीच घोळ घातला, असं धरून बसले होते. पीएचडीचं सगळं काम पुन्हा करायचं? या वयात?

आज शिकवून कॉलेजातून निघतानाच माझ्या पीएचडीच्या सरांचा फोन. दुसऱ्या दुर्बिणीतूनही डावा ठिपका तितकाच उजळलेला दिसतोय.

"अगं, चूक नाही. त्या दीर्घिकेतला एखादा तारा नेमका डाव्या ठिपक्याच्या वाटेत आलाय. त्याच्या गुरुत्वाकर्षणानं प्रकाश आणखी एकवटला. तो सरकला की ठिपका पुन्हा मंदावेल."

एक तारा! मला कसं सुचलं नाही? वर्गात तर दरवर्षी शिकवते. घाबरल्यावर डोकं चालत नाही, दुसरं काय.

घरी आले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना काय काय सांगणार?

"अक्का, माझं चुकलं नव्हतं," एवढंच म्हटलं.

"बठ्ठं बराबर शे ना? मंग आते पोटभर जेवी ले."

भरताबरोबर दोन भाकऱ्या कधी संपल्या कळलंच नाही. तिसरी मागितली, तेव्हा अक्का थापायच्या थांबून माझ्याकडे बघत हसायलाच लागल्या.