दाराशी भेटलेली भाची

मोरोगोरो, ३ मे

लेफा, बाळा,

तुला, सूनबाईंना आणि पोरांना आशीर्वाद. इथे आम्ही सगळे आपापल्या पायांवर आहोत. डोंगरावरची केळी यंदा चिक्कार उतरली, त्यामुळे दोन्ही वेळेला केळीच. तुझ्या बहिणीचा, पिलीचा, चहाचा ठेला चालतो आणि तिचं तोंड त्याहून जास्त चालतं. फोनवर बोलले असते, पण तू मध्ये बोलतोस आणि माझं राहून जातं. म्हणून पत्र. तिच्या लेकीचा, म्वाजुमाचा, नवरा सैदी परवाच्या बसने परत तिकडे निघालाय, तो आणून देईल.

तुझं आमंत्रण पोचलं. आफ्रिका दिनाला तुमच्या सभागृहात माझा सत्कार, अंगावर तुमचं मानाचं बासोथो ब्लँकेट, आणि मग मी तरुण पोरांना सांगायचं की आफ्रिकेची एकजूट तेव्हा कशासाठी होती आणि आज कशासाठी हवी. छान लिहिलं आहेस. खाली तू विचारतोस, ‘म्वाजुमा इकडे आली असं तू सांगितलंस, मग ती मला भेटायला का आली नाही?’

त्याचं उत्तर देते. आधी पोरांना काय सांगायचं ते तुलाच सांगून बघते.

तिकडे दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या राजवटीतून पळून तुमची माणसं इथे आली तेव्हा आमच्याकडे साबण नव्हता. साखरेसाठी पहाटेपासून रांग लागायची. पगारातून तुमच्या मुक्तिलढ्यासाठी पैसे कापले जायचे, आणि माणसं कुरकुरायची, नाही असं नाही. माझा नवरा म्हणायचा, ‘आपल्या घरात पेज नाही आणि पाहुण्यांना घायपाताचा अख्खा मळा दिला.’ पण त्या मळ्यात तुमची छावणी उभी राहिली, तेव्हा विहीर खणायला पहिला तोच गेला. तुझी आई दिनेओ तापाने गेली तेव्हा तू रांगतही नव्हतास. पिली अंगावर पीत होती. एका बाजूला तिला घेतलं, दुसऱ्या बाजूला तुला. तुझा कागद मागायचं कुणाला सुचलंही नाही. आमच्यात दूध पाजलं की नातं रक्ताचंच होतं, पिली तुझी बहीण झाली ती तेव्हाच. तू नऊ वर्षांचा होऊन मायदेशी परतणाऱ्या तुमच्या बसमध्ये चढलास तेव्हा ती इतकी रडली की शेजारच्यांना वाटलं घरात कुणी गेलं.

एवढंच होतं रे एकजुटीचं कारण. तुझं मूल ते माझं मूल. बाकीचं मोठ्या लोकांनी भाषणात घातलं.

आता म्वाजुमाचं.

ती आली होती, लेफा. तुझ्याच वस्तीत खोली घेतली ती तू तिथे आहेस म्हणून. मीच सैदीला सांगितलं, मामाच्या जवळ राहा, परका मुलूख आहे. पोटुशी होती, आठवा लागला की चार खाऊचे डबे घेऊन तुझ्याकडे जायचं तिने ठरवलं होतं. त्याआधीच मार्चमध्ये एका सकाळी तिला रक्त जायला लागलं. सातवा महिना. सैदी कामावर होता. ती भिंतीला धरत धरत तुमच्या दवाखान्यापर्यंत गेली.

कागद नसलेल्या परदेशी माणसांना अडवत दारात तुम्ही होतात. हिरवे टी-शर्ट घातलेली तुझी माणसं, आणि पुढे तू. आमच्या भिंतीवर तुझा फोटो आहे, तिने तुला लगेच ओळखलं. तिला वाटलं, सुटले. ती म्हणाली, ‘मामा.’

तू म्हणालास, ‘कोण मामा? इथे कुणी तुझा मामाबिमा नाही. ओळखपत्र दाखव.’

ती म्हणाली, ‘मोरोगोरोहून आलेय, झुहुराची नात. मामा, मला रक्त जातंय.’ तेव्हा तू मागच्यांकडे वळून हसलास. ‘बघा, आता सगळ्यांनाच नाती आठवतात.’ आतून नर्स ओरडत होती, तिला सोडा, ती पडेल. तुम्ही नर्सलाही गप्प केलंत.

तू माझं नाव ऐकलंस की गोंगाटात ते विरलं, हे मला माहीत नाही. म्वाजुमा म्हणते ऐकलं नसेल. ती अजून तुझी बाजू घेते. पिली म्हणते, ‘आई, पत्र कसलं लिहितेस, लाटणं घेऊन जा.’ मी म्हणते, ऐकलं नसलंस तरी काय फरक पडतो? ती कुणाचीच नात नसती तर तिला रक्त जात नव्हतं?

एका टॅक्सीवाल्याने तिला लांबच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे कुणी काही विचारलं नाही. पण उशीर झाला होता. मुलगी होती. म्वाजुमा वाचली, आता माझ्याजवळ आहे, दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजते. तुझ्या फोटोच्या भिंतीकडे नाही, दुसऱ्या.

तुझी गाऱ्हाणी मला ठाऊक आहेत. औषधं दुपारच्या आत संपतात, पोरांना काम नाही, आणि मतं मागणारे बंगले बांधतात. खरं आहे. मग त्या बंगल्यांच्या दारात का नाही उभा राहिलास? तिथे पहारेकरी असतात म्हणून? दवाखान्याच्या दारात आजारी बायका असतात, तिथे शूर व्हायला सोपं जातं. मला चीड येते, लेफा. आणि पुन्हा तू मला बोलावतोस, पोरांना एकजूट शिकव म्हणून. तू सकाळी दार अडवणार आणि संध्याकाळी मी ब्लँकेट पांघरून टाळ्या घेणार?

मी येणार आहे. तुझ्या सभागृहात नाही. आफ्रिका दिनाची पंचवीस तारीख सोमवारी येते, म्हणजे दवाखाना उघडा असेल. मी सकाळीच रांगेत उभी राहीन. माझी साखर वाढलेलीच असते, खोटं दुखणं सांगायला नको. तुमच्या देशाचा एकही कागद माझ्याकडे नाही. माझ्या पुढे-मागे ज्यांच्याकडे तो नसेल, त्या सगळ्या बायका माझ्याच घरच्या आहेत असं समज. तुझ्या पोरांना पुढे करू नकोस. तू स्वतः ये, माझ्या तोंडाकडे बघ, आणि ओळखपत्र माग.

म्वाजुमाची आजी,
झुहुरा

तुझी कोण, ते तू दारात सांग.