पाऊस मोजायची नोकरी

बाबा, मी अंदमानला जाऊन आले. निवृत्त झाल्यावर, एकटीच. आई गेली त्या वर्षी तुम्ही तिच्या भांड्यांसकट मला नाशिकरोडला आत्याकडे ठेवलंत आणि बदली झाली म्हणून तिकडे गेलात, पाऊस मोजायच्या नोकरीवर. वर्षातून एकदा यायचात. एका सुट्टीच्या शेवटी तुमची भरलेली बॅग स्वयंपाकघराच्या दाराशी असते आणि मी तिच्यावरच ठाण मांडून बसते. "मला न्या, नाहीतर इकडे या." "ऊठ आधी!" तुम्ही ओरडता. मग खालच्या आवाजात म्हणता, "बदली मागितलीय गं. देत नाहीत." "तिकडे आहे तरी काय?" "काही नाही. पाणी, जंगल आणि पाऊस." आत्याचं लाटणं थांबतं. पुढची कितीतरी वर्षं मी तुमच्या न पाहिलेल्या साहेबांवर रागावून काढली.

काही नाही म्हणालात, बाबा! बोटीतून पाहिलं तर एकामागे एक बेटं, डोंगर थेट समुद्रात उतरलेले, आणि जंगल इतकं काठाला आलेलं की भरतीला खालच्या फांद्या पाण्यात बुडतात. खाडीतल्या चिखलात तिवरांची मुळं वर आलेली. गर्जनाची झाडं अशी सरळसोट की मान दुखली तरी पहिली फांदी दिसेना. आपल्याकडे दिवाळी झाली की डोंगर पिवळे पडायला लागतात. तिथे मे महिन्यात आलेला पाऊस डिसेंबरात जातो आणि थंडी येतच नाही. मी नाशिकहून स्वेटर उगाच नेला.

तुमच्या क्वार्टरशेजारच्या बाई अजून आहेत, खूप म्हाताऱ्या झाल्यात. त्यांनी शहाळं दिलं. मी म्हटलं, बदली मिळाली असती तर बाबा घरी आले असते. त्या सहज म्हणाल्या, "मिली थी ना, दो बार. खुद ही मना कर दिया." तुम्ही सुट्टीच्या दिवशी जंगलात हिंडायचात, कुणाशी बोलायचा नाहीत. त्यांना वाटायचं, तुम्हाला मागे कुणीच नसेल.

मी शहाळं अर्धंच ठेवून उठले. तुमच्यावर चिडायचं ठरवून किनाऱ्यावर जाऊन बसले. तिकडे अंधार लवकर पडतो. मागे जंगलात किड्यांची किरकिर, ओल्या पाल्याचा वास, हाक मारणारं कुणी नाही. आणि आई कुठेच नव्हती. आत्याच्या घरातल्या प्रत्येक भांड्यात ती होती. माझा चेहरा तर अगदी तिचाच.

परत आल्यावर आत्याने विचारलं, "इतके दिवस का लावलेस गं?" मी म्हटलं, "पावसामुळे विमान रद्द झालं." तिने मान डोलावली. पाऊस नव्हता, बाबा. तारीख मीच पुढे ढकलली होती.