वहीत महिपतीचं नाव, पाण्यात रामहरी

मी, प्रयागबाई पोपटराव वाबळे, वय सत्त्याहत्तर, धंदा शेती, शिक्षण चौथी (परीक्षा राहिली, धाकट्या भावाला गोवर आला होता), मूळ राहणार मौजे कवठेमळा, तालुका इंदापूर, हल्ली मुक्काम कन्हेरी, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली, आणि त्यांच्या दवाखान्यातलं कॅलेंडर अजून मागच्या महिन्यावर आहे तेही सांगितलं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. आमच्या घरात दडपण आणायचं काम आजवर मीच केलेलं आहे.

वकिलांनी टाईप केलेला नमुना दिला होता. दीड पानात सगळं बसवलं होतं. मी म्हटलं, वकीलसाहेब, एवढ्यात माझी म्हैससुद्धा बसणार नाही.

कलम १. माझी माणसं. मालक पोपटराव अकरा वर्षांपूर्वी वारले. मुलगा युवराज, सून प्रमोदिनी, नातू विराज, नात वैष्णवी. आणि मुलगी रेश्मा. वकील म्हणाले, मयत मुलीचं नाव वारसांत लागत नाही. मी लिहिलं. रेश्मा आठ वर्षांची असताना, सन १९८८ च्या एप्रिलात, भर दुपारी, कोणीतरी तिला मारून आमच्या मळ्यातल्या विहिरीत टाकलं. तो कोणीतरी पस्तीस वर्षांनी सापडला. सापडला तो आमच्या वैष्णवीमुळं. ती फौजदार आहे. तिच्या खांद्यावरच्या चांदण्या माझ्या लुगड्याच्या पदरानं मी पुसते, तिला आवडत नाही, तरी पुसते.

कलम २. कन्हेरीचं राहतं घर, पुढची पडवी, मागचा गोठा आणि पाण्याची टाकी युवराज आणि प्रमोदिनी या दोघांच्या नावावर, निम्मं निम्मं. एकट्या युवराजच्या नावावर करायचं नाही. कारण मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात असताना त्यानं माझी म्हैस मला न विचारता विकली. दुसऱ्या वेताची होती. प्रमोदिनीनं तेव्हा दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. त्याचं हे बक्षीस समजावं.

कलम ३. डाग. बोरमाळ वैष्णवीला. पाटल्या प्रमोदिनीला. नथ विराजच्या होणाऱ्या बायकोला, ती नोकरी करणारी असेल तर तिनं नोकरी सोडायची नाही या अटीवर. सोडली तर नथ वैष्णवीकडं जमा करावी. भांडी ज्याला लागतील त्यानं न्यावी. पितळी घंगाळं नेताना दोघांनी धरावं, एकट्यानं उचललं की कंबर जाते, माझी गेली.

कलम ४. माझं पाणी द्यायचं फावडं वैष्णवीला. तिला फौजदारकीत त्याचा उपयोग नाही, तरी तिलाच. ते का, हे नीट लिहिते. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं मिळतं, आणि कोणाची पाळी कधी झाली ते पाणी सोडणारा पाटकरी वहीत लिहितो.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही सगळे पडवीत फराळाला बसलो होतो. विराज मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. मी त्याला म्हटलं, "तुला तासभर उन्हात उभं राहवत न्हाय. तुझ्या आबाच्या नावावर पाण्याच्या जेवढ्या पाळ्या झाल्या, त्यातल्या निम्म्या म्या दिल्यात. ह्या फावड्यानं, गुडघाभर चिखलात."

वैष्णवी म्हणाली, "आज्जी, पण पाटकऱ्याच्या वहीत तर आबांचंच नाव असणार."

"वहीत मालकाचंच असतंय गं. पाण्यात का कुणी उभं राहीना."

"सगळ्यांचंच असं?"

"सगळ्यांचंच. बागायतदार कवा चिखलात उतरलाय व्हय?"

तिच्या हातातली चकली तशीच राहिली. तिनं त्याच महिन्यात रेश्माच्या खटल्याची जुनी कागदपत्रं अर्ज करून मिळवली होती आणि वाचून काढली होती. ती हळूच म्हणाली, "मग आज्जी, त्या दिवशी महिपती आजोबांच्या पाळीला पाण्यात कोण होतं?"

मी फराळ अर्धा टाकून उठले. मी फराळ टाकून उठले हे आमच्या घरात तारीख घालून ठेवण्यासारखं आहे.

आता ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. महिपती म्हणजे मालकांचा चुलत भाऊ, माझा दीर. त्याची आणि आमची जमीन मळ्यात बांधाला बांध लागून, आणि त्याचं दुसरं रान लांब, कालव्याच्या फाट्यावर. त्याच्याकडं रामहरी नावाचा सालगडी होता. रेश्मा गेली तेव्हा तिच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या नव्हत्या, म्हणून सगळे म्हणाले चोरीसाठी मारलं, गरिबानंच मारलं. महिपतीनं सांगितलं, मी दुपारी बारा ते चार फाट्यावर पाणी देत होतो. पाटकऱ्याच्या वहीत त्याचं नाव निघालं. रामहरी पण तेच सांगत होता, साहेब, मी बारा ते चार मालकाच्या पाळीला फाट्यावर होतो. पण वहीत त्याचं नाव नव्हतं. एकाच नोंदीनं एक सुटला आणि एक अडकला.

पाटाला लागून राहणाऱ्या प्रत्येक बाईमाणसाला ठाऊक होतं की वहीतलं नाव आणि पाण्यातला माणूस वेगळा असतो. मला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. मी स्वतः दुसऱ्याच्या नावावर उभी राहत होते. तरी पोलिसांनी वही दाखवल्यावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारी वही म्हटली की आपल्या डोळ्यांपेक्षा खरी वाटते.

आणि मी जबाब दिला. विहिरीकडनं मुंडासं बांधलेला एक माणूस जाताना मी लांबून पाहिला होता. महिपती मला ठाण्यात घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "वैनी, रामहरीच हुता न्हवं?" मी म्हटलं असंल. ठाण्यात पोचेपर्यंत "असंल"चं "हुता" झालं. रामहरी चौदा महिने आत होता. कोर्टानं पुरावा नाही म्हणून सोडला. गावानं सोडला नाही. तो बायकोला घेऊन मोरगावला सासुरवाडीला गेला.

दिवाळीनंतर वैष्णवीनं वरिष्ठांना अर्ज दिला. घरचं प्रकरण म्हणून तपास दुसऱ्या साहेबांकडं दिला, आणि ते बरोबरच केलं. पण त्या साहेबांना कुठलं दार ठोठावायचं ते माझ्या नातीनं सांगितलं. पाटकरी चौऱ्याऐंशी वर्षांचा, इंदापुरात लेकीकडं, कान शाबूत. तो म्हणाला, "त्या दिवशी फाट्याचं दार रामहरीनंच उघडलं. चार वाजता बंद बी त्यानंच केलं. महिपती तिकडं फिरकला न्हाय." साहेबांनी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलंत? तो म्हणाला, "मला वही मागितली, म्या वही दिली. मला कुणी काय इचारलंच न्हाय."

महिपतीला समोर बसवून ते ऐकवल्यावर तो थोडा वेळ टिकला. मग मळ्यात नेल्यावर त्यानं बांधावरच्या हद्दीच्या दगडाकडं बोट केलं. दगड पंचांसमोर काढला. खाली रेश्माच्या तोरड्या. भूमापकानं महिपतीच्या बाजूला चार फूट मोजून खणलं, तर तिथं कोळसा. जुने मोजणीवाले हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरायचे, दगड हलवला तरी खरी जागा कळावी म्हणून. महिपती त्या दुपारी दगड आमच्या रानात सरकवत होता. रेश्मा मला भाकरी घेऊन येत होती, तिनं पाहिलं. म्हणाली, आईला सांगते. तेवढंच म्हणाली. त्याच्या हातात पहार होती.

माझी लेक खोटं बोलत नव्हती आणि कोणाला भीत नव्हती, हे मला पस्तीस वर्षांनी कळलं. मी रडले ते रडले, पण मला तिचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो. यंदा महिपतीला जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी वैष्णवी वर्दीत नव्हती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये माझ्याशेजारी बसली होती, आणि तिनं माझा हात एवढा दाबला की बांगडी पिचली.

कलम ५. त्या तोरड्या कोर्टात मुद्देमालात आहेत. परत मिळतील तेव्हा वैष्णवीनं घ्याव्यात. मोडायच्या नाहीत. पॉलिशही करायचं नाही.

कलम ६. कालव्याच्या फाट्याला लागून वीस गुंठे जमीन माझ्या नावावर आहे. ती मी डेअरीला दूध घालून घेतली आहे, वडिलोपार्जित नाही, तीवर कोणाचा हक्क नाही. ती मी रामहरी, हल्ली राहणार मोरगाव, यांना देते. ते नसतील तर त्यांच्या पत्नी शकुबाई यांना, आणि पुढं त्यांच्या मुलीला.

तोरड्या सापडल्या त्याच आठवड्यात मी एसटीनं मोरगावला गेले. शकुबाई दारात शेरडांना पाला घालत होती. मला बघून म्हणाली, "पस्तीस वर्सं लागली बाई यायला. गाडी चुकली व्हती का?"

मी म्हटलं, "व्हय. माझीच चुकली."

तिनं बस म्हटलं नाही. मी उभी राहिले. रामहरी काठी टेकत बाहेर आला. म्हणाला, "वैनी, पायऱ्या चढून आलात, गुडघं दुखतंय का अजून?" त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मी पाया पडायला वाकले तर शकुबाई म्हणाली, "वाकू नगा, परत उठवायला लागंल." मग तिनं पाणी दिलं.

जमिनीचं काढल्यावर रामहरी म्हणाला, "मला जमीन कशाला? शेरडं हायती, जवारी हुतीया." जरा थांबून म्हणाला, "पर त्या फाट्याच्या वहीत एकडाव माझं नाव पायजे."

वहीत नाव जमीनमालकाचं लागतं. म्हणून जमीन.

युवराज यावर चिडला. "आई, कालव्याकडचं रान कोण देतं का? त्यांना मोरगावात घर बांधून देऊ." विराजनं मान हलवली. मी युवराजला म्हटलं, "तू त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस. तो सुटून गावात आला तवा त्याला दगड मारलास. तू पोर हुतास, दगूड म्या हातात दिला हुता." त्यानंतर तो दोन दिवस जेवायला उशिरा आला. तिसऱ्या दिवशी सातबाऱ्याचा उतारा त्यानंच काढून आणला. माझा मुलगा वाईट नाही, त्याला समजायला वेळ लागतो. वेळ मलाही लागला.

अट एकच. पहिल्या पाळीला अर्ज रामहरीच्या नावानं करायचा, आणि पाण्यात युवराज आणि विराज यांनी उतरायचं. रामहरीनं बांधावर खाटेवर बसावं आणि चुका काढाव्यात.

कलम ७. महिपतीच्या नातवंडांशी आपल्या घरातल्या कोणी बोलणं तोडायचं नाही. लग्नाकार्याला बोलवायचं. एक घर वाळीत टाकून आपण बघितलं आहे, घर चुकीचं निघालं. मात्र माझ्या दहाव्याला ज्या बायका "आमाला आधीपासनं महिपतीचा संशय हुता" असं म्हणतील, त्यांना चहा देऊ नये. नावं प्रमोदिनीला माहीत आहेत.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वैष्णवीनं करावी. तिच्यावर माझा सरकारपेक्षा जास्त भरवसा आहे, आणि ती सरकारच आहे, त्यामुळं अडचण नाही.

कलम ९. वकील म्हणाले, शेवटी लिहायचं असतं की यापूर्वीचे कागद रद्द समजावेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पण १९८८ साली पोलीस ठाण्यात मी एक जबाब दिला होता, की विहिरीजवळ मी रामहरीला पाहिलं. मी त्याला पाहिलं नव्हतं. तो जबाब मी या कागदानं रद्द करते. वकील म्हणाले, आजी, मृत्युपत्रानं जबाब रद्द होत नाही, आणि आता त्याची गरजही नाही. मी म्हटलं, तुम्हाला नसेल. त्या जबाबावर, मला लिहिता येतं का हे न विचारता, माझा अंगठा घेतला होता. इथं मी पूर्ण नाव लिहून सही करते आहे.

मुक्काम कन्हेरी, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५.

सही: प्रयागबाई पोपटराव वाबळे

आम्हा दोघांच्या देखत लिहिणारीनं हा कागद स्वतः मोठ्यानं वाचला, मध्ये दोनदा थांबून पाणी प्याली, आणि सही केली. आम्ही तिच्या समोर सह्या करत आहोत.

साक्षीदार १: डॉ. दिग्विजय झगडे, बारामती

साक्षीदार २: राजेश्वरी राजवर्धन गोफणे, निवृत्त शिक्षिका, शेजारीण, कन्हेरी