साठच्या आत

४ फेब्रुवारी
इंजिन गेलं! भर दुपारी, पुलाच्या चढावर. आधी काटा लाल रेघेपाशी, मग खाड्कन आवाज, मग नुसती वाफ. शेजारी ही, मांडीवर हॉस्पिटलची फाईल. म्हणते, "अहो, आज माझ्याऐवजी गाडीलाच दाखवून या!" मला हसू आलं नाही. दोर बांधून ओढत गॅरेजात नेली. तपासणी राहिली ती राहिलीच.

५ फेब्रुवारी
मिस्त्री म्हणाला, पिस्टन चिकटलेत. नवी गाडी घ्या, नाहीतर इंजिन उतरवून पुन्हा बांधून देतो. "बॉडी ठणठणीत आहे, काका. नवे पिस्टन, नव्या रिंगा. आठवड्यात दारात उभी करतो."

संध्याकाळी जावईबापूंचा फोन. "बाबा, नवीच घ्या. घरात हार्ट पेशंट आहे. मढ्याला शृंगार कशाला?" फोन स्पीकरवर होता. ही आतून ओरडली — "मला म्हणताय की गाडीला?" पलीकडून फोन कट. बरं झालं. जिरली!

७ फेब्रुवारी
ठरलं, बांधूनच घ्यायचं. नवी मिळायला दोन महिने लागतात, आणि हिच्या हृदयाला ते कोण सांगणार? डॉक्टरांनी बजावलंय — "छातीत कळ आली की अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका. उचला आणि इथे आणा." आम्ही गावाच्या या टोकाला, हॉस्पिटल त्या टोकाला.

शिवाय ती सीट. पाठीच्या ऑपरेशननंतर हिला कुठेच धड बसवत नव्हतं. शेवटी सीटवाल्याला घरी बोलावून, हिला बसवून बसवून, स्पंज कापून घेतला. तशी सीट नव्या गाडीत कुठून आणू? जावयाला हे सांगितलं नाही. त्याच्या मते मी हेकट. असू दे.

१५ फेब्रुवारी
गाडी आली. आवाज असा की चालू आहे की बंद, कान लावून बघावं!

मिस्त्रीने दम दिलाय. रिंगा नव्या आहेत, सिलिंडरला घासून घासून बसायच्या आहेत. पहिले हजार किलोमीटर काटा साठच्या पुढे न्यायचा नाही. "घाई केलीत तर इंजिन तेल प्यायला लागेल, मग माझ्याकडे येऊ नका." हिने मान डोलावली. "मी बघते यांच्याकडे."

१८ फेब्रुवारी
रोज संध्याकाळी इंजिन घासायला बाहेर पडतो. बाह्यरस्त्याने जायचं आणि यायचं. सायकलवालेसुद्धा वळून बघतात. हिची नजर काट्यावर. "साठ झाले हो!" की माझा पाय वर. शाळेतल्या बाईंसारखी. लग्नानंतर आम्ही इतकं नुसतंच कधी फिरलो नव्हतो. नेहमी कुठेतरी पोचायचं असायचं.

२४ फेब्रुवारी
हिचे पाय सुजलेत. जिना चढताना मध्येच थांबली. मी म्हटलं, आज गाडी नको. तर म्हणे, "इंजिन अर्धं राहील." मी ओरडलो — "खड्ड्यात गेलं इंजिन!" हिने चपला घातल्या आणि जाऊन गाडीत बसली. काय करणार? गेलो.

मला भीती वाटते. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. रात्री हिचा श्वास ऐकत पडतो.

२७ फेब्रुवारी
सहाशे झाले. "साठ झाले हो" आता हिला म्हणावंही लागत नाही. पाय आपोआप वर येतो.

३ मार्च
ही गेली. गाडीतच. हॉस्पिटलचं फाटक दिसत होतं.

९ मार्च
घर माणसांनी भरलंय. मुलगी सारखी रडते, मग भांडी घासायला लागते. घासलेली पुन्हा घासते.

डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते, "दहा मिनिटं आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं." मुलीने ते ऐकलं. जावयाने मला गॅलरीत बोलावून हळूच विचारलं — "बाबा, खरं सांगा. गाडी बंद पडली होती का वाटेत?" म्हटलं, नाही. एकदाही अडखळली नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत." मी आत आलो. बाथरूममध्ये नळ सोडून बसलो.

१६ मार्च
सगळे आपापल्या घरी गेले. सीटवर हिची शाल तशीच आहे. काढवत नाही.

२२ मार्च
हजार झाले. एकटाच फिरवून पूर्ण केले. का केले, माहीत नाही.

तेल बदलायला गॅरेजात गेलो. मिस्त्रीला हिचं कळलं होतं. बॉनेट उघडून कान लावला, तेलाची कांडी पुसून पाहिली.

"झकास बसलंय, काका. आता हवी तेवढी पळवा. साठच्या वर नाही ना नेलीत कधी?"

बाह्यरस्ता मोकळा होता त्या दुपारी. पुढे एक गाडी नव्हती. ही छाती आवळून बसलेली, डोळे मिटलेले. काटा साठला टेकला आणि माझा पाय वर आला. दर वेळी वर आला.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."