सर्वांत कमी वाजणारी गिटार

३ जून
चि. ठकूस, मामाचे अ. उ. आ.

तू हॉटेलात गिटार वाजवून पोट भरतेस, म्हणून तुलाच विचारतो. टेलरिंग बंद केलं, मशीन विकलं. डोळे पुरे म्हणाले, हात मात्र ऐकत नाहीत. काल जेवता जेवता मी टेबलक्लॉथ माझ्याच शर्टाला टाचला. उठलो तर ताटं मागोमाग आली.

गिटार शिकावी म्हणतो. पण इतकी वर्षं मशीनची खडखड सोसलेली तुझी मामी म्हणते, आता या घरात काहीही वाजलं की ती कायमची बहिणीकडे. ती बोलल्याप्रमाणे करते. तिच्यावाचून मला एक दिवस करमायचं नाही. तरी सर्वांत कमी वाजणारी गिटार कोणती, ते कळव.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.
तुझा मामा

११ जून
ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

कमी वाजणारी गिटार मागणारे तुम्ही पहिलेच! नवशिक्यानं एवढंच पाहावं: खांद्याला जड नको, दांडा मुठीत बसावा, तारा बारीक असाव्यात आणि दांड्यापासून फार उंच नसाव्यात, नाहीतर बोटं सोलतात. रंगावर भाळू नका. आणि आधी मामीला विचारा.

लोभ असावा, मामीचा जरा जास्त.
ठकू

२ जुलै
चि. ठकूस, अ. उ. आ.

घेतली! पोकळ गिटारी नुसता धक्का लागला तरी घुमतात. मग एक भरीव सापडली, विजेवरची. दुकानदार वायर घेऊन धावत आला, म्हणाला, जोडल्याशिवाय खरा आवाज कळायचा नाही. मी म्हटलं, तो कळायलाच नको आहे. गिटारीला मापाचा टेप लावून पाहिला. खांदे छान, कंबर जरा सैल. बाजूनं बोटभर आत घ्या म्हटलं, तर म्हणाला लाकूड आत घेता येत नाही. कारागीर कच्चा दिसतो.

मामीला विचारायचा धीर झाला नाही. दार लावून वाजवतो.

माया पातळ करू नकोस.
मामा

९ जुलै
ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

अहो मामा, विजेची गिटार अँप्लिफायरच्या खोक्याशिवाय मुकीच! माझा जुना खोका पाठवते आहे. मामीची समजूत मी घालीन.

कृपा असू द्यावी.
ठकू

३० जुलै
चि. ठकूस, मामीचे अ. आ.

खोका मिळाला. तो यांनी लावण्याआधीच मी वायर काढून घेतली.

पंधरा दिवसांपूर्वी यांच्या खोलीचं दार उघडलं, तर हे डोळे मिटून बोटं हलवताहेत आणि आवाज काही नाही. मला वाटलं, माणूस हातचा गेला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी यांची नाडी पाहिली, मग गिटारीला स्टेथोस्कोप लावला आणि ऐकतच बसले. तिकडे दवाखान्यात पेशंट खोळंबले. जाताना म्हणाले, ठोके आहेत, ताल नाही.

मग मीही कान लावला. त्यासाठी यांच्या खांद्याला टेकावं लागतं. मशीन होतं तोवर मी जन्मभर यांच्याशी दुसऱ्या खोलीतून ओरडूनच बोलले गं. वाजवतात अगदीच सुमार. तरी रोज संध्याकाळी जाऊन बसते. बहिणीला येत नाही म्हणून कळवलं.

खोका परत पाठवते आहे, रागावू नकोस. तो लावला तर मला स्वयंपाकघरातूनही ऐकू येईल.

आहे तशीच माया ठेव.
तुझी मामी