नानांच्या फाईलचा झेरॉक्स

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

सापडला! माझ्या भावाचा मारेकरी सापडला — आणि आमच्याच भावकीत निघाला.

दुपारी संस्कृती दुकानात आली. रखमाजी नानांची पोरगी, माझी चुलतबहीण. साखरपुडा ठरलाय, कागदांचे झेरॉक्स हवे होते. "ताई, फाईलच ठेवते, सावकाश काढ," म्हणाली आणि ओतूरच्या बाजारात गेली. आधार, मार्कलिस्ट, दाखला… आणि तळाला नानाचा पुण्याच्या दवाखान्यातला रिपोर्ट! चार वर्षांपूर्वीचा. मोठ्या आतड्यात दोन गाठी, दुर्बिणीने काढल्या. जवळच्या नातेवाइकांनी तपासून घ्यावं — स्पष्ट छापलंय.

आणि आम्हाला काय सांगितलं होतं? मूळव्याधीचं ऑपरेशन! सुदर्शनदादा नोव्हेंबरात गेला, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याच आतड्याच्या कॅन्सरने. डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं आधी तपासलं असतं तर वाचला असता. नानाला माहीत होतं. तोंड उघडलं नाही, का तर पोरीच्या सोयरिकीत अडचण नको!

त्या पानाचे दोन झेरॉक्स मी जास्तीचे काढले. नानाला आता अहोजाहो नाही. निदान इथे तरी नाही.

६ फेब्रुवारी

डिंगोऱ्याला आईकडे गेले आणि दादाच्या दवाखान्यातल्या, आनुवंशिक आजार तपासणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा फॉर्म भरला. दादाच्या रक्तात दोष सापडलाय, तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो म्हणे. घरात अजून कुणाला किती धोका आहे ते मॅडम काढणार. त्यासाठी तीन पिढ्यांची माणसं हवीत — कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी.

खाणंपिणंही विचारतात. एका साईटवर दादाचं भरून बघितलं. दारू नाही, तंबाखू नाही, मटण नाही, दिवसभर शेतात. उत्तर आलं — धोका सरासरीपेक्षा कमी. कमी! जळो ती साईट. मग नानाचं भरलं. तंबाखू, दर बुधवारी मटण, सुटलेली ढेरी, हलणं फक्त पतसंस्थेच्या खुर्चीपर्यंत. धोका जास्त. आणि तोच ठणठणीत फिरतोय!

पणजोबांपासून सगळी भावकी लिहिली, अठ्ठावीस माणसं. आईच्या माहेरच्या रकान्यात आडवी रेघ मारली. बाई लग्न होऊन आली की सासरच्या कुळाची. पिंपरी पेंढारच्या लोकांचं यात काय काम? आई शेजारी हरभरा सोलत होती. रेघ बघितली आणि पाटी उचलून आत गेली. दादा गेल्यापासून ती बोलतच नाही फारशी.

१२ फेब्रुवारी

त्या जास्तीच्या झेरॉक्सचं काय करणार ते सांगितलं, तर आदेश म्हणतो, "आगं, त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलंय?" माझा नवरा असून त्यांची बाजू! दोन दिवस बोलणार नाही त्याच्याशी.

१७ फेब्रुवारी

नाना दुकानावरून गाडीवर गेला. कडक इस्त्रीचा शर्ट. हात केला मला! थांब म्हणावं.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं!

साखरपुडा साडेअकराचा. पावणे निरगुडसरचे. मुलाच्या वडिलांना, सावळारामतात्यांना, सकाळी नऊलाच नानाच्या रिपोर्टचा फोटो मोबाईलवर धाडला. दादाचाही धाडला. खाली लिहिलं — यांच्या घराण्यात आतड्याचा कॅन्सर आहे, बघून सोयरीक करा. स्वतःचं नाव घातलं. लपवाछपवी त्यांची, माझी नाही.

मग साडी नेसून मांडवात जाऊन बसले. बारा वाजले, एक वाजला. पावणे येईनात. नानाला फोन आला. ऐकून झाल्यावर आचाऱ्याला म्हणाला, चूल विझवा. काय गार वाटलं म्हणून सांगू! आत संस्कृती नटून बसली होती. तिच्याकडे बघितलं नाही मी.

२५ फेब्रुवारी

नाना दारात आला.

"वृषाली, डॉक्टर म्हणले व्हते, वयानं व्हत्यात आशा गाठी. साध्या व्हत्या. म्हणून न्हाई बोललो."

"दादा गेला, नाना."

"आगं, माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोर ते! मला ठावं आसतं तर त्याला मीच नेला नसता का?"

ढसाढसा रडला. रडू दे. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. जाताना म्हणाला, "आमी बापलेक रक्त देतो. तुझ्या मॅडमला सांग."

द्या की! एकदा कागदावर येऊ दे, साऱ्या जुन्नर-आंबेगावात वाटते.

४ मार्च

चौघांनी पुण्यात रक्त दिलं — नाना, संस्कृती, आई आणि मी. मॅडमनी एकाच दिवशी बोलावलं, म्हणून एकाच गाडीत. परतताना राजगुरुनगरला आईला घेरी आली. संस्कृतीनंच तिला धरलं, तोंड पुसलं. मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही.

२८ मार्च

मॅडमचा फोन. नानाच्या रक्तात काही नाही. संस्कृतीच्याही नाही. दोष आईकडून आलाय. माझ्यातही आहे.

तशीच डिंगोऱ्याला गेले. आई खाली बघत म्हणाली, "माझी आई ह्यानंच गेली. थोरला भाऊबी. तुझ्या लग्नात मोडता नगं म्हणून दडवलं गं. मंग सुदर्शन आजारी पडला तवा कुठल्या तोंडानं सांगू?"

संस्कृतीला फोन लावला. वाटलं, उचलणार नाही. तिनं उचलला.

"ताई, तुझा रिपोर्ट चांगला आला ना गं?"