उत्तराच्या डब्यातलं चीज

मुलुंड, सप्टेंबर १९८४

ती. आक्का,

जयवंताचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची सूज आणि भाओजींचा राग, दोन्ही एव्हाना उतरली असतील अशी आशा आहे. आम्ही खुशाल आहोत, आणि या खेपेला हे नुसतं रीतीपुरतं लिहिलेलं नाही.

आमच्या उत्तराला गहू आणि दूध दोन्ही सोसत नाहीत, असं डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितल्याचं तुला कळवलंच होतं. तेव्हापासून सगळी बिल्डिंग मदतीला धावली. (शेजारच्या पद्मजावहिनींनी तिला शिरा भरवला. रवा म्हणजे गहू थोडाच! दूध चालत नाही म्हणून तूप मात्र सढळ हाताने घातलं होतं.) पोरगी पुन्हा आजारी. त्यात वर्गातल्या मुली डब्यात चीज-सँडविच आणतात, म्हणून हिलाही तेच हवं. भाकरीचा डबा जसाच्या तसा परत यायचा. पोर इतकी वाळली की माझ्याही घशाखाली घास उतरेना.

शेवटी अंधेरीच्या एका बड्या दुकानात जाऊन बिनदुधाचं चीज मागितलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, बिनकोंबडीचं अंडं पण देऊ का?" मग घरीच प्रयोग सुरू केले. नारळाचं दूध चायना ग्रास घालून थिजवलं (दिसायला झकास!), पण ते भाकरीवरून घसरलं आणि माझ्या ऑफिसच्या पँटला मात्र घट्ट चिकटलं.

मग तुझ्या भावजयीला, अनुपमाला, तू मे महिन्यात बळेबळे बांधून दिलेल्या फणसाच्या आठळ्या आठवल्या. तिने त्या उकडून, मीठ, लिंबू नि चिमूटभर हळद घालून वाटल्या, डब्यात दाबून बसवल्या आणि सुरीने पातळ कापल्या. तांदळाच्या भाकरीत घालून दिल्या. त्या दिवशी डबा रिकामा आला. आक्का, तो रिकामा डबा बघून मी मोरीत उभा राहून रडलो. (अनुपमाने पाहिलं नाही, असं मी धरून चाललोय.) काल डॉक्टरांनी उत्तराचं वजन केलं. वाढलंय गं!

तुझा,
जयवंत

ता. क. आठळ्या संपल्या. तू मातीत पुरून ठेवल्या असशील तेवढ्या एस्टीने पाठव. पिशवीवर कुडाळचं नाव मात्र घालू नकोस. हे चीज कुठलं, असं पद्मजावहिनींनी विचारलं तेव्हा मी दुबईचं म्हणून बसलोय.

पुन्हा ता. क. नाव घातलंस तरी चालेल. आमच्या आत्याच्या झाडाला चीज लागतं, असं उत्तरा शाळेत सांगून आली आहे. मे महिन्यात ते बघायला तिच्या चार मैत्रिणी आमच्याबरोबर येताहेत. झाडावर थोडं शिल्लक ठेव.